राउटर चपलांच्या कपाटात

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी गेल्या पावसाळ्यात मला जिन्यात गाठलं. "तीनशेचा प्लॅन घेतलाय, तरी बेडरूममध्ये चकरीच फिरत असते. कंपनी बदलून टाकू का?" मी म्हटलं, आधी बघू तरी. वर गेले, राउटर कुठे आहे म्हणून विचारलं, तर काकू म्हणाल्या, "तो होय? चपलांच्या कपाटात. हॉलमध्ये नुसत्या वायरी लोंबत होत्या." कपाट उघडलं. वरच्या फळीवर छत्र्या आणि रेनकोट, मधल्या फळीवर काकांचे फिरायला जायचे बूट, आणि सगळ्यात खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन्ही अँटेना मिटून बसलेला राउटर. कपाटाच्या दाराला बाहेरून पूर्ण उंचीचा आरसा. आरशाच्या काचेला मागून धातूचा मुलामा असतो आणि धातू वायफायच्या लहरी परतवून लावतो. घराकडे तोंड असलेली एकुलती एक बाजू आरशाने बंद झाली होती.

कंपनी बदलली असती, तर नव्या कंपनीच्या माणसाने नवा राउटर त्याच फळीवर ठेवला असता. वायर तिथेच येते ना.

छोट्या दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या वेबसाइट सांभाळणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे "तुला कळतं ना यातलं" म्हणून नात्यातली आणि इमारतीतली अशी कामं माझ्याकडे येतात. नेटबद्दल मत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. मतं भरपूर, पण अडतंय कुठे हे बघण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही. नेट कंपनीपासून इमारतीपर्यंत, इमारतीपासून घरातल्या डब्यापर्यंत, डब्यापासून हवेतून खोलीपर्यंत आणि शेवटी मोबाइलपर्यंत येतं. यातला नेमका कुठला टप्पा लंगडा आहे ते कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

तपासणी साधी आहे. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. लॅपटॉपला वायरची खाच नसेल तर यूएसबीचं छोटं अडॅप्टर मिळतं, ते कुणाकडून तरी उसनं आणा. तेही जमत नसेल तर मोबाइल घेऊन राउटरपासून सहा-सात फुटांवर, मध्ये काही आड न येता उभे राहा. एकदा सकाळी, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमाराला, सगळी इमारत मालिका आणि मॅच बघत असते तेव्हा. राउटरजवळ पूर्ण गती आणि बेडरूममध्ये बोंब, असं असेल तर कंपनीचा काही दोष नाही. राउटरजवळ वायरनेसुद्धा रात्रीच रडत असेल, तर कंपनीने एका वायरवर जास्त घरं बसवली आहेत, आणि मग तक्रारीला तुमच्या हातात तीन वेळचे आकडे असतात. नुसतं "नेट स्लो आहे" म्हणून फोन केला तर पलीकडून "सर, राउटर बंद करून चालू करा" एवढंच येतं, मग तुम्ही सर असा नाहीतर मॅडम.

आकड्यांचा एक घोळ आधी मिटवून घेऊ. प्लॅनवरचं एमबीपीएस हे बिटमध्ये असतं, आणि फाइल उतरवताना दिसणारं एमबी बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा एमबीनेच उतरणार, आणि एक जीबीला सव्वा-दीड मिनिट लागणार. कंपनीने फसवलं म्हणून भांडायला निघालेल्या निम्म्या लोकांचं भांडण इथेच संपतं.

आता माझीच फजिती सांगते. घरी दोनशेचा प्लॅन घेतला होता आणि टेस्ट केली की ९४ यायचे. पुन्हा केली, ९४. मध्यरात्री केली, तरी ९४. मी आठ महिने कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते. खरं तर तेवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं, कारण गर्दीने मंदावलेलं नेट कधी ६०, कधी १३०, कधी २५ दाखवतं. ते इतकं शिस्तीत एकाच आकड्यावर बसत नाही. नेटवर्कच्या वायरीत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. हजार एमबीपीएसला चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. एखादी तार तुटली किंवा पिनेत नीट दाबली गेली नसली, तर दोन्हीकडची यंत्रं आपसात ठरवून मुकाट्याने शंभरावर उतरतात, आणि नेटवर्कचा स्वतःचा खर्च वजा जाऊन तुमच्या हाती ९४-९५ पडतात. कुठे दिवा लागत नाही, कुठे सूचना येत नाही. वायरीला पिन मीच दाबली होती. ती कापून नवी दाबली तेव्हा पहिल्याच टेस्टला १९८ आले. जुन्या किंवा स्वस्तातल्या राउटरची खाचच शंभराची असते, तेव्हाही हाच आकडा येतो. मग मात्र राउटर बदलण्यावाचून इलाज नाही. वायर घेताना कॅट फाइव्ह ई किंवा कॅट सिक्स मागा. दोन्हींवर शंभर मीटरपर्यंत हजार एमबीपीएस आरामात जातं, घराला याहून भारी वायर लागत नाही.

फायबरचं वेगळं आहे. ती पांढरी किंवा काळी बारीक वायर म्हणजे आत केसाएवढी काच. ती काटकोनात मुडपली, खिळ्याला गुंडाळली किंवा दाराच्या फटीत चिमटली की आतला प्रकाश बाहेर गळतो. डब्यावर 'एलओएस' लिहिलंय तिथे लाल दिवा लुकलुकत असेल तर तुमच्यापर्यंत प्रकाशच पोचत नाहीये. रस्ता खोदताना वायर तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल, किंवा घरातच सोफ्याच्या पायाखाली सापडली असेल. वायर कुठे चिमटली आहे का ते बघा, नसेल तर सरळ तक्रार नोंदवा. डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. आणि निघालेल्या वायरीच्या टोकात डोळा लावून "प्रकाश येतोय का" असं बघायचं नाही. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांत जातो.

बरं, राउटरजवळ सगळं ठीक आहे, म्हणजे दोष हवेतल्या टप्प्यात. राउटर घराच्या मध्याच्या जवळ, उघड्यावर, छातीएवढ्या किंवा त्याहून जास्त उंचीवर हवा. वायर कपाटाशी येत असेल तर पंधरा-वीस फूट नेटवर्कची वायर घेऊन राउटर पुढे न्या. काकांकडे आम्ही तेच केलं. फायबरचा डबा कपाटात राहिला, पॅसेजमधल्या लॉफ्टच्या कडेला दुसरा राउटर बसवला. काकूंच्या अटीप्रमाणे तो हॉलमधून दिसत नाही.

आजकालचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी दूर जाते, भिंतीतून बऱ्यापैकी शिरते, पण शेजारच्या आठ घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्टीत गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झची पट्टी वेगवान आणि मोकळी, पण दोन भिंतींत दमते. टीव्ही आणि लॅपटॉप राउटरच्याच खोलीत असतील तर त्यांना पाचवर टाका, आणि लांबच्या खोलीतला बल्ब, कॅमेरा, गिझरचा प्लग यांना अडीचवर. (आमच्याकडे सगळे २.४ ला अडीचच म्हणतात.) अडीचच्या पट्टीत चॅनेल निवडायची वेळ आली तर १, ६ किंवा ११ यांपैकी एक घ्या, कारण एकमेकांवर न चढणारे हे तीनच. मधला ३ किंवा ८ घेतलात तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी भांडण.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात चिऱ्याचं जुनं घर असेल तर हे सगळं विसरा. हात-सव्वा हात जाडीच्या त्या भिंतीपुढे पाचची पट्टी हात टेकते. माझ्या मामाच्या घरी ओटीवरचं वायफाय माजघरात पोचत नाही. तिथे तीन हजारांचा रिपीटर आणून झाला. रिपीटर एकाच तोंडाने राउटरचं ऐकतो आणि त्याच तोंडाने पुढे सांगतो, म्हणून गती निम्म्यावर येते. शिवाय मामाने तो माजघरातच लावला होता, जिथे मुळात काही पोचतच नव्हतं. ऐकूच येत नसेल तर पुढे काय सांगणार? रिपीटर लावायचाच तर राउटर आणि मेलेली खोली यांच्या मधोमध, जिथे अजून बरी रेंज आहे तिथे. पण अशा घराला खरा उपाय वायर. विजेच्या वायरिंगपासून वेगळ्या नळीतून एकदा वायर टाकून माजघरात दुसरा राउटर बसवला की काम झालं. मेश नावाने जोड्यांनी मिळणारे डबेसुद्धा एकमेकांना वायरने जोडले तरच त्यांच्या किमतीला जागतात. नवं घर बांधत असाल किंवा फ्लॅटचं काम काढलं असेल तर प्रत्येक खोलीत एक रिकामी नळी आणि तीत एक कॅट सिक्स टाकून ठेवा. इलेक्ट्रिशियन म्हणेल, "आता सगळं वायरलेस आहे मॅडम." म्हणू द्या.

गती भरपूर आणि तरी व्हिडिओ कॉल तुटतो, ही वेगळी तक्रार. तिथे गतीपेक्षा उशीर मोजायचा, म्हणजे पिंग. घरातल्या राउटरपर्यंतचं पिंग एक-दोन, फार तर पाच मिलिसेकंद असावं. ते पन्नास-शंभरावर उड्या मारत असेल तर हवेत गडबड आहे. आणि ठरावीक वेळीच कॉल तुटत असेल, तर त्या वेळी घरात कुणाचा मोबाइल फोटो वर चढवतोय ते बघा. लग्नाहून परतलेल्या माणसाचा मोबाइल घराच्या वायफायला लागला की चारशे फोटो आणि साठ व्हिडिओ एकदम क्लाउडकडे निघतात, वर जाणारा रस्ता तुंबतो आणि त्या रांगेत तुमच्या ऑफिसच्या कॉलचा आवाज अडकतो. फोटोंचं ॲप तेवढ्यापुरतं थांबवून बघा. कॉल सुधारला तर गुन्हेगार सापडला. काही राउटरमध्ये कुणाला आधी सोडायचं हे ठरवायची सोय असते. नसेल तर ही चढाओढ रात्री झोपल्यावर होऊ द्या.

विजेचं थोडक्यात. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा नेटही जातं, म्हणून बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो राउटरला दोन-चार तास जगवतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपियर किती लिहिलंय ते वाचा, कारण काही डबे नऊ व्होल्टचे असतात. फायबर थेट घरापर्यंत आलेली असेल तर वाटेतल्या फाटे फोडणाऱ्या डब्याला वीज लागत नाही, म्हणून सगळी इमारत अंधारात असताना तुमचं नेट चालू शकतं. पण गच्चीवर एक पेटी आणि तिथून घरोघरी निळी वायर, अशी तुमची जोडणी असेल तर गच्चीवरच्या पेटीलाही वीज लागते. मग घरातला यूपीएस नुसताच हिरवा दिवा दाखवत बसेल.

कुलपाकडे वळू. वायफायचा पासवर्ड सगळे बदलतात, राउटरचा बदलत नाहीत. दोन वेगळे आहेत. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकल्यावर जे पान उघडतं त्याला बऱ्याच घरांत अजून 'ॲडमिन' हेच नाव आणि 'ॲडमिन' हाच पासवर्ड असतो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या विषाणूने जगभरचे असे कारखान्यातल्या पासवर्डवर सोडून दिलेले कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर डिन या अमेरिकन कंपनीवर हल्ला झाला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी ठिकाणं कित्येक तास उघडत नव्हती. तो मारा कुणाच्या तरी दारावरच्या कॅमेऱ्यानेही केला, मालकाला पत्ता नसताना. तेव्हा राउटरचा आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस नावाची बटण दाबून जोडायची सोय बंद करा, सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए २ किंवा ३ निवडा. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट वायफाय करा आणि कॅमेरे, बल्ब, स्वस्तातला टीव्ही बॉक्स यांनाही तिथेच पाहुणे म्हणून ठेवा.

"आपल्या वायफायमध्ये चोरण्यासारखं आहे काय?" असं काका म्हणाले होते. चोरायचं नसतं, वापरायचं असतं. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. पोलीस अर्थातच आधी त्याच्या दारात गेले.

आता सोसायटीच्या ग्रुपवरचा तो अजरामर प्रश्न: "आपल्याकडे कुठलं नेट चांगलं आहे?" त्यावर एकोणीस उत्तरं येतात, त्यातली सात "आमचं मस्त चालतं", पाच "त्यांचं घेऊ नका, अनुभव वाईट", आणि एक शुभ सकाळ. यातलं एकही उत्तर कामाचं नाही, कारण प्रश्नच तसा आहे. कंपनी देशभर एक असली तरी तुमचं नेट ठरतं ते तुमच्या भागातल्या वायरीवर आणि तिथे येणाऱ्या दुरुस्तीच्या माणसावर. म्हणून असं विचारा: "बी विंग, वरचे मजले. रात्री नऊनंतर राउटरजवळ किती गती येते? गेल्या सहा महिन्यांत किती वेळा बंद पडलं आणि दुरुस्तीला किती तास लागले?" तीन जण उत्तर देतील, पण ती तीन खरी असतील. घरून काम करणारा आणि फक्त भजनं ऐकणारा, दोघांचं "मस्त चालतं" एक नव्हे. प्लॅनची किंमत विचारताना १८ टक्के जीएसटी धरून विचारा, आणि 'अनलिमिटेड' म्हणजे महिन्याला किती जीबीनंतर गती पाडतात तेही.

उत्तर देणाऱ्यांनाही एक सांगावंसं वाटतं. "हा प्रॉब्लेम असा सोडवला" हे त्याच ग्रुपवर लिहा. लोक अडचण तासभर रंगवून सांगतात आणि ती सुटली की गायब होतात. पुढच्या महिन्यात दुसऱ्याला तेच अडतं. आणि ग्रुपवर कुणी "मी तुमच्या मोबाइलवर लांबून बघून देतो, हे ॲप टाका" म्हणाला तर टाकू नका, नंबर ओळखीचा वाटला तरी. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा. तिथे पहिल्या तासाला किंमत आहे.

क्लाउडकडे लोक ढगाकडे बघावं तसंच बघतात, वर कुठेतरी आहे आणि देव सांभाळतोय. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतलं दुसऱ्याचं यंत्र. आपण तिथे भाडेकरू. गुगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, पण त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही येतात, आणि १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक फोटो त्यात मोजला जातो. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये फुकट फक्त ५ जीबी. भरलं की मेल यायची थांबते, आणि बँकेची मेल आली नाही की लोकांना कळतं की भरलं.

सगळ्यात जास्त नुकसान मी एकाच गैरसमजापायी होताना पाहिलं आहे. मोबाइल भरतो, माणूस म्हणतो "क्लाउडवर आहेत की", आणि गुगलच्या फोटोंच्या ॲपमध्ये जाऊन हजार फोटो डिलीट करतो. ते क्लाउडवरूनही जातात. कारण ही जोडणी आरशासारखी असते, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. कचरापेटीत ते साठ दिवस थांबतात, मग कायमचे गेले. मोबाइल हलका करायचा तर त्याच ॲपमधलं 'फ्री अप स्पेस' वापरा. ते चढून झालेल्या फोटोंची मोबाइलमधली प्रतच काढतं. आणखी एक: दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल पुसून टाकू शकतं. वारलेल्या आजोबांच्या खात्यात घराचे फोटो असतील तर ते आत्ताच उतरवून घ्या. गुगल टेकआउट नावाच्या सोयीतून सगळं एकगठ्ठा मिळतं.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रुळवलेला एक हिशेब या धंद्यात सगळे पाळतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. मोबाइल किंवा लॅपटॉपवर एक, घरातल्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर एक, क्लाउडवर एक. एवढंच. डिस्क सतत जोडून ठेवू नका. विषाणू आला तर तिलाही धरेल.

छोट्या धंद्याची वेबसाइट असणाऱ्यांनी इथे खुर्ची पुढे ओढावी. काही वर्षांपूर्वी एका डॉक्टरांची साइट मी एका स्वस्त होस्टिंगवर ठेवली होती. बॅकअप रोज होत होता, त्याच कंपनीच्या त्याच खात्यात. एका सोमवारी कंपनीचं पानच उघडेना. फोन लागेना, तिकिटाला उत्तर नाही. साइट गेली, तिच्याबरोबर बॅकअप गेला, आणि डोमेनचं नावही त्यांच्याकडूनच घेतलेलं असल्याने तेही अडकलं. डोमेन सोडवायला सतरा दिवस लागले. साइटवरचा मजकूर मी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून पान-पान उचलून पुन्हा लिहिला. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण त्या सतरा दिवसांचं बिल मी लावलं नाही.

मोठ्यांकडेही होतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं सगळं गेलं. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचं काम गुगलकडच्याच चुकीने पुसलं गेलं, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतींसकट. ते परत उभे राहिले याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांनी दुसऱ्या कंपनीकडे वेगळा बॅकअप ठेवला होता.

होस्टिंग निवडताना रिक्षा आठवा. शेअर्ड होस्टिंग ही शेअर रिक्षा: स्वस्त, पण शेजारी जाडा बसला की तुम्ही अर्धे बाहेर. व्हीपीएस ही भाड्याने घेतलेली गाडी, चालवायची आणि हवा भरायची तुम्हीच. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल यांचं क्लाउड म्हणजे मीटर. थांबलात तरी पडतं. डेटा आत नेताना बहुधा पैसे लागत नाहीत, बाहेर काढताना लागतात, आणि लोकांना घाम फुटतो तो या ओळीवर. खर्चाची मर्यादा ओलांडली की मेल येईल अशी सूचना पहिल्याच दिवशी लावा, पण ती फक्त कळवते, मीटर थांबवत नाही, हेही लक्षात ठेवा. पाच पानांची साधी साइट असेल तर यातलं काहीच नको. गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर ती फुकट राहते.

जागा जवळची निवडा. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे नुसत्या जाऊन-येऊन प्रवासाला सव्वाशे मिलिसेकंद, आणि समुद्राखालची वायर सरळ जात नाही हे वेगळं. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, गुगलचं २०१७ पासून. मायक्रोसॉफ्टच्या यादीत 'सेंट्रल इंडिया' लिहिलेलं असतं ते पुणे. भारताचा मध्य पुण्यात आहे हे पुणेकरांना आधीपासून माहीत होतंच, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टलाही कळलं.

क्लाउड चांगलं की स्वतःचं यंत्र, यावर लोक धर्मयुद्ध लढतात. नेटफ्लिक्सने २०१६ पर्यंत आपली डेटा सेंटरं बंद करून सगळं ॲमेझॉनवर नेलं. उलट बेसकॅम्प चालवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्सने २०२३ मध्ये आपली ॲप्स क्लाउडमधून स्वतःच्या यंत्रांवर आणली आणि पैसे वाचल्याचं जाहीर सांगितलं. दोघंही बरोबर, कारण एकाची गर्दी रोज बदलते आणि दुसऱ्याची ठरलेली आहे. तुमच्या दवाखान्याच्या साइटवर दिवसाला चाळीस माणसं येतात. तुम्हाला दोघांचंही मत लागू नाही.

काय लागू आहे ते सांगते. डोमेन होस्टिंगपेक्षा वेगळ्या कंपनीकडे घ्या, तुमच्या नावावर, तुमच्या मेलवर. साइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर नको, तो उद्या बंगळूरला जातो. महिन्याला एकदा साइटची पूर्ण प्रत आणि डेटाबेस उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवा. पहिल्या वर्षाच्या किमतीला भुलू नका, नूतनीकरणाची किंमत विचारा. ती बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट असते. आणि राउटर, मेल, डोमेन, होस्टिंग, कुठलं खातं कुठे आहे आणि त्याला कुठला मोबाइल नंबर जोडलाय हे एका कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. पासवर्ड त्यावर नको, पण खातं आहे हे तरी घरच्यांना कळू द्या.

बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो उघडून बघावा लागतो. आमच्याकडे हे काम दिवाळीच्या साफसफाईत निघतं. डिस्क काढायची, दुसऱ्याच कुणाच्या तरी लॅपटॉपला लावायची आणि डोळे मिटून पाच फोटो निवडून उघडायचे. गेल्या दिवाळीत चार उघडले. पाचवा, आईच्या साठीचा, अर्धा आला आणि खाली राखाडी पट्टा. तोच फोटो क्लाउडवर शाबूत होता, म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी नवी डिस्क आणली, क्लाउडवरचं सगळं तीत उतरवून घेतलं, आणि जुनीवर मार्करने फुली मारली.